माटुंगा ते पाषाण, व्हाया लोहगडवाडी

'केमिस्ट' या एका शब्दाने आयुष्यभर माझी करमणूक केली आहे. लग्न ठरत होतं तेव्हा सासरकडच्या एका काकांनी मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "दुकान स्वतःचं की भाड्याचं?" शेजारच्या आजी तर कित्येक वर्षं डोकं दुखलं की आमचं दार वाजवायच्या. मुलगा केमिस्ट आहे म्हणजे घरात गोळ्या असणारच! आपल्याकडे केमिस्ट म्हणजे मेडिकलवाला. त्यात कुणाचा दोष नाही, दुकानाच्या पाटीवरच तसं लिहिलेलं असतं.

पण गेल्या वर्षी भाचीने जे विचारलं त्यावर मला चटकन हसता आलं नाही. लोहगडवाडीत एका घराबाहेर 'केमिकल विरहित गूळ मिळेल' अशी पाटी होती. ती वाचून म्हणाली, "मामा, तू चाळीस वर्षं केमिकलच केलंस ना? म्हणजे लोक आता जे टाळायला बघतात तेच?" कुत्सितपणा नव्हता, पोरगी खरंच विचारत होती. गुळाचं म्हणाल तर तिचं अर्धं बरोबर आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रॉस घालतात, ते नकोच. पण रसाची मळी काढायला चुना जुन्या काळापासून घालत आले आहेत, आणि चुना म्हणजे तरी काय? केमिकलच. अर्थात एवढ्याने तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. खरं उत्तर जरा लांबचं आहे, इतिहासातून जाणारं आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. भाची वाचेलच, बाकीच्या नातेवाईक मंडळींनीही वाचावं. निदान दुकान कुठे आहे हा प्रश्न तरी मिटेल :-)

आधी लोहगडवाडीच का, ते सांगतो. आम्ही जुने केमिस्ट दरवर्षी पावसाळा संपता संपता इथे जमतो. निम्मे मुंबईचे, निम्मे पुण्याचे, म्हणून मधली जागा. पुणेकर लोकलने मळवलीला उतरतात, मुंबईकर लोणावळ्याला उतरून उलट येतात. मग भाजे गाव, लेण्यांचा फाटा, वर गायमुख खिंड. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि पुढे पायथ्याशी ही वाडी. तिथे एका घरी पिठलं, भाकरी आणि ठेचा सांगून ठेवायचा आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी विंचूकाट्यापर्यंत जाऊन यायचं. २०२५ मध्ये लोहगड मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याआधीपासून आमच्या यादीत तो होताच.

या जागेला आणखी एक अर्थ आहे, तो मला बऱ्याच उशिरा लक्षात आला. गडावरून उत्तरेला बघितलं की रेल्वे आणि एक्सप्रेसवे दिसतात. आपल्याकडच्या रसायनशास्त्राचा निम्मा इतिहास याच वाटेवर घडला आहे. एका टोकाला मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी, दुसऱ्या टोकाला पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल. मध्ये घाटाखाली रसायनी, घाटावर पिंपरी. आमच्या पिढीतले केमिस्ट या मार्गावर कुठे ना कुठे चढले आणि कुठे ना कुठे उतरले.

तर आता सुरुवातीपासून.

१८५६ साली भोर घाटात रेल्वेचं काम सुरू झालं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यात जांभळा रंग सापडला. तो जगातला पहिला गाजलेला कृत्रिम रंग. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पुढे तो आला. घाटातून गाडी धावू लागली, देशावरचा कापूस मुंबईला उतरू लागला, गिरण्या उभ्या राहिल्या. त्या कापडाला लागणारे रंग मात्र परदेशातून, मुख्यतः जर्मनीतून येत. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि जर्मन रंग येणं थांबलं. आपण कापड विणू शकतो पण रंगवू शकत नाही, ही गोष्ट तेव्हा गिरणीवाल्यांना चांगलीच बोचली.

डांबराची एक गंमत अस्सल पुणेरी आहे. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. ते काही केल्या निघेना. शेवटी ते काढलं त्रिभुवनदास गज्जर यांनी. हे मूळ सुरतेचे, मुंबईत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पुढे १८९९ साली त्यांनी गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींतून १९०७ मध्ये बडोद्याला अलेम्बिक उभी राहिली. आमच्यातला एक जण (त्याला आम्ही रंगवाला म्हणतो, रंगांच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा) ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी विचारतो, "आपण कुणाच्या बाजूचे? फासणाऱ्यांच्या की पुसणाऱ्याच्या?" दरवर्षी भांडण होतं. माझं मत असं की डांबर दोघांनाही चांगलं समजलं होतं.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, तीच यूडीसीटी. कापड गिरण्यांची गरज हे त्यामागचं मोठं कारण, त्यामुळे सुरुवातीचा भर कापड-रसायनावर आणि रंगांवर. १९३८ मध्ये प्रा. के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आला. वेंकटरामन मद्रासकडचे, लाहोरला शिकवून आलेले, पण त्यांनी माटुंग्यात जी शिस्त लावली तिच्या आख्यायिका आमच्या वेळेपर्यंत चालू होत्या. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे जाडजूड खंड १९५२ पासून निघू लागले आणि जगभरच्या रंगवाल्यांनी ते वापरले. रंगवाल्याच्या बोटांना त्या काळी लागलेला रंग आठ-आठ दिवस जायचा नाही. बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसायचा. तो म्हणतो, "माझ्या हाताचा रंग बघून लोक सरकायचे आणि त्यांच्या अंगातला शर्ट त्याच रंगाचा असायचा."

त्याच १९३३ सालची दुसरी गोष्ट. कमला भागवत ही मुलगी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली आणि पुढच्या संशोधनासाठी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. तिचे वडील आणि काका दोघेही तिथूनच शिकलेले केमिस्ट. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. ती स्वतः बंगलोरला गेली, हटून बसली, तेव्हा वर्षभर काम बघू आणि मग ठरवू अशा अटीवर प्रवेश मिळाला. तिने काम करून दाखवलं, आणि मग इतर मुलींनाही त्या संस्थेचं दार उघडलं. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. याच कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर आणि कडधान्यांवर काम केलं. गरिबाच्या पोटात स्वस्तात पोषण कसं जाईल हा त्यांच्या रसायनशास्त्राचा विषय होता. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत होत्या आणि 'कीमत' मासिकात लिहायच्या.

आमच्या गटात एकच मैत्रीण आहे. ती सोहोनीबाईंचं नाव निघालं की गप्प होते आणि मग एकदम बोलते. ती नोकरीला लागली तेव्हा कारखाने कायद्याप्रमाणे बायकांना रात्रपाळी करता येत नसे. कायदा १९४८ चा, हेतू चांगलाच असणार. पण पायलट प्लँट काही संध्याकाळी सातला झोपत नाही. अभिक्रिया रात्री अकराला रंग बदलते आणि पहाटे तीनला बिघडते. तिने टेबलावर बसवलेली प्रक्रिया रात्री दुसराच कुणीतरी चालवायचा, आणि अहवालावर पहिलं नाव त्याचं यायचं. पुढे नियम सैल झाले, पण तोवर तिची रात्रपाळीची वर्षं निघून गेली होती. "रामनना निदान तोंडावर विचारता तरी आलं. मला कुणाला विचारायचं हेच कळलं नाही," असं ती म्हणते. कारखान्याचं नाव ती कधी घेत नाही. मीही घेत नाही.

आता घाट चढून पुण्यात येऊ.

पाषाणच्या माळावर एनसीएलची पायाभरणी १९४७ च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाली. ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी उद्घाटन केलं. प्रजासत्ताक व्हायला अजून तेवीस दिवस होते. पहिले संचालक जेम्स मॅकबेन, कॅनडात जन्मलेले, साबणाच्या पाण्यावर आयुष्य घालवलेले. साबणाचे रेणू पाण्यात घोळका करून राहतात हे त्यांनी मांडलं तेव्हा भर सभेत अध्यक्षांनी ते उडवून लावलं, अशी गोष्ट सांगतात. आज कपडे धुण्याच्या पावडरीमागचं सगळं शास्त्र त्या घोळक्यांवर उभं आहे.

दुसरे संचालक १९५२ मध्ये आले आणि त्यांच्यासाठीच खरं म्हणजे मी हा लेख लिहितोय. जॉर्ज इंगल फिंच. जन्म ऑस्ट्रेलियाचा, १८८८ चा. रसायनशास्त्र शिकले झ्युरिकला, शिकवलं लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात. आणि हा माणूस गिर्यारोहक होता. असा तसा नाही, १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतला!

त्या काळी ब्रिटिश गिर्यारोहकांत मोठा वाद होता, वर जाताना सोबत प्राणवायू न्यावा की नाही. बऱ्याच बड्या मंडळींना तो खोटेपणा वाटायचा. डोंगर आपल्या दमावर चढायचा, बाटलीतली कृत्रिम हवा घेऊन चढणं म्हणजे कसली मर्दुमकी? फिंच केमिस्ट होते. त्यांना यात काय खोटं ते कळेचना. इतक्या उंचीवर हवेचा दाब खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. रक्ताला प्राणवायू कमी पडतो, डोकं चालत नाही, बोटं गारठून गळतात. मग कमी पडतं ते भरून काढायचं, इतकं सरळ. त्यांनी प्राणवायूची नळकांडी आणि मुखवटे यांवर मन लावून काम केलं. शिवाय बलूनच्या कापडात पिसं भरून एक जाडजूड कोट शिवून घेतला. बाकीचे लोक ट्वीडचे कोट आणि मफलर घालून आलेले, त्यांनी त्या कोटाची यथेच्छ टिंगल केली. आज थंडीत सगळं जग तसलेच फुगीर कोट घालून हिंडतं.

१९२२ च्या मे महिन्यात मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल प्राणवायूशिवाय सुमारे २७,००० फुटांपर्यंत गेले. काही दिवसांनी, २७ मे रोजी, फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायू घेऊन सुमारे २७,३०० फुटांपर्यंत, म्हणजे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. तेव्हा माणूस पायांनी इतक्या उंच कधी गेला नव्हता. लोहगड हजार मीटरच्या जरा वर आहे, म्हणजे आठ लोहगड एकावर एक ठेवा. आणि गंमत अशी की ब्रूस हा गडी त्याआधी असा डोंगर कधी चढलाच नव्हता! वर गेल्यावर ब्रूसचं यंत्र बिघडलं. फिंचनी स्वतःचा प्राणवायू त्याच्याबरोबर वाटून घेतला, तिथेच उभ्या उभ्या यंत्र दुरुस्त केलं आणि त्याला जिवंत खाली आणलं.

बक्षीस काय मिळालं? १९२४ च्या मोहिमेतून वगळलं. वसाहतीतला माणूस, परदेशात शिकलेला, फटकळ, आणि वर केमिस्ट. मंडळींना तो आपल्यातला वाटलाच नाही.

बरोबर एकतीस वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. पाठीवर प्राणवायू होता. त्या दिवशी फिंच पुण्यात होते, एनसीएलचे संचालक म्हणून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. बातमी आली तेव्हा ते काय करत असतील? पासष्टीला आलेला माणूस, पाषाणची मे महिन्याची दुपार, समोर कुठल्या तरी विभागाच्या खरेदीची फाईल... आणि बातमी अशी की तुझं म्हणणं बरोबर होतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडायला लागतं. 'कृत्रिम हवा नको' आणि 'केमिकल नको' ही एकाच जातीची वाक्यं आहेत. प्राणवायू हिमालयातला असो की नळकांडीतला, रेणू तोच.

याचा पुरावा लोहगडवाडीत पायाखाली पडला आहे. वाडीच्या रस्त्यासाठी जिथे कातळ फोडला आहे तिथे काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांतून नंतर पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो, पण त्यातले बरेचसे झिओलाइट. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले तेव्हा निघालेले असे सुंदर नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघितलं नसेल तर जरूर बघा. (गडावरून मात्र दगड उचलून आणू नका.)

झिओलाइट म्हणजे ग्रीकमध्ये उकळणारा दगड. तापवला की त्यातून पाणी निघतं, कारण तो आतून जाळीदार असतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी, आणि छिद्रं इतकी बारीक की एखादा रेणू आत जाईल आणि त्याचा जाडा भाऊ बाहेर राहील. अशी चाळणी कारखान्यात मिळाली तर काय बहार होईल! पण डोंगरातल्या झिओलाइटचा भरवसा नाही. एक खडा एकासारखा, दुसरा दुसऱ्यासारखा, सोबत माती. म्हणून प्रयोगशाळेत तोच प्रकार हव्या त्या मापाने वाढवायचा. एनसीएलमध्ये डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं केलं. त्या उत्प्रेरकाचं नाव ठेवलं एन्सिलाइट, म्हणजे नावातच एनसीएल. १९८० च्या दशकात तो वडोदऱ्याच्या आयपीसीएलमध्ये झायलीन बनवायला वापरला गेला. पॉलिएस्टर होतं ते याच झायलीनपासून. त्याआधी असले उत्प्रेरक बाहेरच्या कंपन्यांकडून, त्यांच्या अटींवर घ्यावे लागत.

आमच्यातला एक मित्र असल्या उत्प्रेरकांच्या कामात होता. तो सांगतो, टेबलावर पाच ग्रॅम होणं ही गंमत असते, पाच टन होणं ही परीक्षा. पाच ग्रॅममध्ये उष्णता आपोआप निघून जाते, पाच टनांत ती आतच कोंडते. सहा-सहा महिने गणितं करून पहिल्यांदा मोठी भट्टी लावली त्या रात्री त्याच्या साहेबाने देवाला नारळ ठेवला होता. तो स्वतः पक्का नास्तिक, पण म्हणतो, "नारळ मीच फोडला. हात मोकळे नव्हते बाकी कुणाचे."

फिंच १९५७ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आले वेंकटरामन, माटुंग्याहून घाट चढून. एनसीएलचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये त्यांचेच विद्यार्थी बाळ दत्तात्रेय टिळक. पुढे १९८९ मध्ये रघुनाथ माशेलकर आले, तेही माटुंग्याचेच, एम. एम. शर्मा यांचे विद्यार्थी. गोव्यातल्या माशेलचा, गिरगावात गरिबीत वाढलेला मुलगा. हे शर्मासर राजस्थानातले, सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेले, आणि त्यांनी इतके विद्यार्थी घडवले की कुठल्याही केमिकल कंपनीत चौकशी केली तर एखादा निघतोच. मद्रास, ऑस्ट्रेलिया, जोधपूर, गोवा, कुठून कुठून माणसं आली आणि या घाटाच्या दोन टोकांना एकमेकांत मिसळली. आपल्याकडे गुरुशिष्य परंपरा म्हटलं की गाणं आठवतं. घराणी इथेही होती, फक्त आमच्या तानपुऱ्याला धूर यायचा.

टिळकांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्सफर्डला शिकलेला, रंगांच्या रसायनशास्त्रात नाव कमावलेला हा माणूस. निवृत्तीनंतर एखाद्या कंपनीत सल्लागार म्हणून सुखाने बसता आलं असतं. ते पुण्यात खेड्यांसाठी उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानाच्या कामाला लागले. आपण जे शिकलो ते कुणासाठी, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

तो प्रश्न आम्हाला रोजच्या कामात वेगळ्या रूपात भेटला. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर. म्हणजे त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोचलात तर वाट तुमची. आमच्या पिढीचं आयुष्य या दुसऱ्या वाटा शोधण्यात गेलं. परदेशी कंपनी पाच पायऱ्यांत करते ना, आपण सहा पायऱ्यांत करू, पण आपल्याकडे मिळणाऱ्या कच्च्या मालातून. याला कुणी नक्कल म्हणतं. ज्याने दुसरी वाट कधी शोधली नाही त्यानेच ते म्हणावं. औषधं स्वस्त झाली ती यामुळे. २००५ पासून रेणूंवरही पेटंट आलं आणि तो खेळ बदलला.

आता कडू भाग. तो टाळला तर भाची मला सोडणार नाही.

लोणावळ्याच्या परिसरात पडणारा पाऊस टाटांच्या तलावांत साठतो. तिथून तो नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतो, १९१५ पासून वीज करतो आणि पाताळगंगेला मिळतो. या बारमाही पाण्यामुळेच त्या काठाला केमिकल कारखाने आले. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिच्यामुळे त्या भागाला नावच पडलं, रसायनी. म्हणजे मावळातलं पाणी आधी दिवे लावतं आणि मग आमच्या भट्ट्या थंड करतं. त्यानंतर ते कसं होऊन पुढे जातं, हा प्रश्न विचारायला आम्हा लोकांना फार वर्षं लागली. मी ज्या कारखान्यात होतो (घाटाच्या कुठल्या बाजूला ते सांगत नाही) तिथे सांडपाण्याचा प्लँट होता, पण चालवायला खर्च यायचा. पहिला जोराचा पाऊस झाला की वरून निरोप यायचा, "आज सोडून द्या, नदीला पूर आहे, कळणार नाही." मी तसं करायला लेखी नकार दिला. तीन आठवड्यांत माझी बदली झाली, गोदामाचा हिशेब बघायला. दोन वर्षं मी पिंपं मोजली.

म्हणून 'केमिकल नको' म्हणणाऱ्या माणसाला मी हसत नाही. त्याला शब्द चुकीचा सापडलाय, पण राग खरा आहे. कुणीतरी त्याच्या नदीत काहीतरी सोडलं आणि सांगितलं नाही. पदार्थ नैसर्गिक की कृत्रिम हे विचारून मात्र फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: किती घातलं, कशासाठी घातलं, आणि उरलेलं कुठे गेलं? हे तीन प्रश्न गुळाला लावा, औषधाला लावा, रंगाला लावा. चांगल्या केमिस्टला ते आवडतात. जो चिडतो त्याच्या कारखान्यामागचा नाला बघून या.

बाकी त्या मार्गावरची स्टेशनं आता बदलली. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, देशात सरकारी क्षेत्रात पेनिसिलिन पहिल्यांदा बनलं ते तिथे. शतक संपता संपता ती आजारी कारखान्यांच्या यादीत गेली. रसायनीचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१७ मध्ये झाला. फक्त रॉकेटच्या इंधनासोबत लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारं तिथलं युनिट इस्रोकडे गेलं. यूडीसीटी २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, आयसीटी नावाने. एनसीएलने २०२५ मध्ये पंचाहत्तरी पार केली. संस्थांच्या स्मरणिका निघतात, त्यात फोटो असतात, संचालकांची यादी असते. रात्रपाळी नाकारलेल्या बाईचं त्यात काही नसतं. नारळ फोडणाऱ्या नास्तिकाचंही नसतं.

आणि आम्ही केमिस्ट लोक लिहीत नाही. सवयच तशी लागते: लॉगबुकात तापमान, दाब, वेळ, सही. वाटलं काय ते लिहायला रकाना नसतो. आम्ही सुरुवातीला अकरा जण जमायचो, यंदा सहा होतो. गेलेल्या पाच जणांपैकी एकाचंही चार ओळींचं टिपण कुणाकडे नाही. तुमच्या घरात कुणी काका, आत्या, आजोबा अशा कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत असतील तर त्यांना बसवा आणि विचारा. दुकान कुठे होतं हे सोडून काहीही विचारा.

यंदा मी एक दोनशेपानी वही घेऊन गेलो होतो. प्रत्येकाने आपली एक तरी रात्र लिहून द्यायची असं ठरलं आहे. मैत्रिणीने वही आधी स्वतःकडे मागून घेतली. रंगवाल्याने पुढच्या महिन्यात लिहून द्यायचं कबूल केलंय. त्याचं अक्षर लावायला मला आणखी एक महिना लागेल.

असो. तूर्तास इतकंच.